भिंती नंतर आल्या

नवी मुंबईत बेलापूरला असलेल्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीच्या मूळ आराखड्यात सोसायटीचं फाटक नाही. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआंनी ऐंशीच्या दशकात तिथे सात-सात घरं एका आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती मांडली. असे तीन गट, म्हणजे एकवीस घरं, पुन्हा बारा बाय बाराच्या मोठ्या चौकाला जोडली. चार मजल्यांची इमारतसुद्धा न बांधता हेक्टरी शंभर कुटुंबं बसली. राखण कोण करणार? अंगणात बसलेली माणसं. वाड्यात, चाळीत तेच तर व्हायचं.

'सोसायटी म्हणजे गेट आणि वॉचमन' हे समीकरण म्हणूनच नवी मुंबईच्या मुळातलं नाही. १९६५ मध्ये कोरिआ, वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. वाशीत सिडकोने बांधलेल्या बैठ्या चाळवजा घरांतून आणि तीन-चार मजली इमारतींमधून सेक्टरचे आतले रस्ते जात. पुढे सिडको भूखंड निविदेने विकू लागली. जमिनीला चढा भाव मोजलेला बिल्डर कडेने भिंत घालणारच.

ठाण्याची गोष्ट वेगळी. पोखरण रस्ता, घोडबंदर पट्टा इथे कारखान्यांचे मोठाले भूखंड होते. त्यांना भिंत होती आणि कामगारांसाठी एकच गेट. कारखाने गेले, कॉम्प्लेक्स आले, भिंत वारशाने तशीच राहिली, असं मला वाटतं. शहरात एकाकडे किती मोकळी जमीन असावी यावर मर्यादा घालणारा १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला आणि मोठी जमीन एकहाती विकसित करणं सोपं झालं. आता शेजारच्या कॉम्प्लेक्समधल्या मैत्रिणीकडे जायचं तरी आधी घोडबंदर रोडवर यावं लागतं. मग कोंडीच्या नावाने बोटं मोडायची.

चीनने फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या बंदिस्त वसाहती थांबवून जुन्या हळूहळू खुल्या करण्याचं धोरण जाहीर केलं. लहान ब्लॉक, दाट रस्ते, चौरस किलोमीटरला सरासरी आठ किलोमीटर रस्ता, असा हिशेब त्यात होता. भिंतीच्या आत घर घेतलेल्यांनी तिथेही कुरकुर केली: आतल्या रस्त्याचे पैसे आम्ही भरले, मग तो सगळ्यांचा कसा? हा प्रश्न ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत शोभेल.

वाशीतल्या जुन्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. दोन-तीन सोसायट्या एकत्र आल्या की मधली गल्ली कोणाच्या नकाशात जाते, ते तिथे पाहावं.