दंडाचं माप तेवढंच, मग ताकद वाढते कुठे?

पहाटे पाचला धुळे, जळगाव, नंदुरबार कुठल्याही मैदानावर जा, पोलीस भरतीची पोरंपोरी पळताना दिसणारच. एप्रिल-मेमध्ये तर आठच्या आतच ऊन चटके द्यायला लागतं, त्यामुळे सगळं त्याआधी उरकायचं. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००, मग १०० मीटर आणि शेवटी गोळा, पोरांचा ७.२६ किलोचा, पोरींचा ४ किलोचा. पहिल्या महिन्यात मैदान फुल असतं आणि दुसऱ्यात निम्मी पोरं गायब. का, तर आरशात काहीच दिसत नाही. घरचे पण विचारतात, "काय भो, काही फरक पडना का?" आणि दंडाला टेप लावला तर माप होतं तेवढंच.

पण गंमत अशी की त्याच पोराचा गोळा महिन्याभरात पुढे जायला लागलेला असतो. स्नायू तेवढाच, मग जोर आला कुठून? तर नसांतून. आपल्या मणक्यातल्या मज्जारज्जूत चेतापेशी असतात आणि एकेक पेशी स्नायूच्या तंतूंचा एकेक गट सांभाळते, डोळा हलवणाऱ्या स्नायूत असा गट दहाबारा तंतूंचा असतो तर मांडी-पोटरीत हजाराच्या आसपास जातो. नवशिक्या माणसाला पूर्ण जोर लावला असं वाटतं तेव्हासुद्धा सगळे गट कामाला लागलेले नसतात, जे लागलेत ते मागेपुढे ओढतात, आणि वरून समोरचा विरुद्ध स्नायू पण ताठ होऊन बसतो. रावेरकडे केळीचा ट्रक चिखलात रुतला की आधी दहा जण आपापल्या वेळेला ढकलतात आणि ट्रक हलत नाही, मग कोणीतरी आवाज देतो आणि तीच दहा माणसं एका दमात ट्रक बाहेर काढतात, सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत शरीरात हेच होतं. १९७९ साली मोरितानी आणि डीव्ह्रीज या दोघांनी स्नायूंतले विद्युत संदेश मोजून दाखवलं की सुरुवातीला ताकद वाढते ती मुख्यतः नसांमुळे आणि स्नायूची जाडी नंतर येते.

याचा अजून जुना पुरावा आहे आणि मला तो जास्त आवडतो. १८९४ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना एकाच हाताने सराव करायला लावला, तर दुसऱ्या, नुसत्या बसलेल्या हाताची ताकद पण वाढली. त्या हाताने काहीच उचललं नव्हतं! आजही एका हाताला प्लास्टर असेल तर फिजिओथेरपीवाले चांगल्या हाताचा व्यायाम करून घेतात, तो याच जोरावर.

पहिल्या दिवशी पन्नास बैठका मारल्या की तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते, त्याला सगळे लॅक्टिक ॲसिड म्हणतात. ते नाही. ते तर जोर लावताना तयार होतं आणि तासाभरात रक्तातून निघूनही जातं. दुखतं ते तंतूंना बारीक इजा झाली आणि तिथे सूज आली म्हणून, ते एक ते तीन दिवसांत जास्त जाणवतं आणि आपोआप जातं. त्यावर पुन्हा तेवढाच मार देण्यापेक्षा दोनेक दिवस दुसरं काहीतरी करा.

आता प्रोटीन. हजारो रुपयांचा डबा आणायच्या आधी आपली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली भाकरी बघा ना. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, उडदात ते भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. म्हणजे दोन्ही एकत्र दळल्यावर जे होतं ते एकट्या ज्वारीपेक्षा बरंच पूर्ण प्रोटीन, आणि आपल्या आज्यांनी हे कुठलीही लॅब न बघता जमवलंय. मात्र नुसत्या भाकरी-ठेच्यावर पण भागत नाही, ६० किलोच्या साध्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि वजन उचलणाऱ्याला त्याहून बरंच जास्त, तेव्हा सोबत डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी जे चालत असेल ते हवंच.

मग राहिला प्रश्न टिकायचा. इथे आपल्याकडे लगेच शिस्त नाही, जिद्द नाही असं लेक्चर सुरू होतं, मोबाईलवरचे रील्सवाले तर शिव्याच घालतात. १९९८ मध्ये एक प्रयोग गाजला होता, भुकेल्या विद्यार्थ्यांसमोर चॉकलेटची बिस्किटं ठेवून त्यांना मुळा खायला लावला तर त्यांनी नंतरचं कोडं लवकर सोडून दिलं, त्यावरून मनाची ताकद वापरली की संपते असं सगळीकडे छापून आलं. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर तीच कल्पना वेगळं काम देऊन तपासली तर परिणाम जवळपास शून्य निघाला. जर्मनीत २०५ लोकांना दिवसभर मधूनमधून विचारलं की आत्ता कसला मोह होतोय का, तर ज्यांना आपण पक्क्या मनाचे म्हणतो त्यांना मोहाशी झगडायची वेळच कमी येत होती. त्यांचा दिवसच असा लावलेला की भांडण होऊ नये.

आपल्या जुन्या तालमींत हेच होतं की. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, माती तीच, जोडीला चार जण, आणि नाही गेलं तर वस्ताद घरी निरोप पाठवणार! सकाळी उठून जाऊ की नको हा विचार करायला जागाच नाही. आज वस्ताद नसला तरी मित्राला सांगून ठेवा की पाच वाजता कोपऱ्यावर भेटू, बूट रात्रीच दाराशी काढून ठेवा, एवढ्याने बरंच काम होतं. आणि २१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनमध्ये ९६ लोकांवर बघितलं तर सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस आला, कोणाला १८ तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला, आणि पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टीपेक्षा व्यायामाला जास्त वेळ. मधे एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही हेसुद्धा त्यातच दिसलं, म्हणजे लग्नसराईत दोन हळदी झाल्या म्हणून सगळं सोडायची गरज नाही.

व्यायामाने माणूस सज्जन होतो का, असं काही जण विचारतात. वेळेवर उठणं, दमल्यावर अजून एक फेरी मारणं एवढं नक्की येतं, पण दंड कमावलेला माणूस शब्दाचा पण पक्का निघेलच असं नाही, उदाहरणं शोधायला तालुक्याच्या बाहेर जावं लागणार नाही.

आणि हे फक्त भरतीवाल्यांचं नाही. १९९० मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा अशक्त म्हाताऱ्यांना आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं. पायाची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली आणि मांडीचा स्नायू वाढला फक्त ९ टक्के, बाकी बराचसा खेळ नसांचा. तेव्हा घरात आजी-आजोबा असतील तर हात न टेकवता खुर्चीवरून उठता येतं का तेवढं बघा, कोणीतरी शेजारी धरायला उभं राहून दिवसातून चारपाच वेळा तेच करून घ्या, गुडघ्याचं किंवा हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.