क्षयसंसर्गाची प्रतिरक्षा-दर्शके, बालकांतील

क्षयजंतूशी गाठ पडल्याची आठवण शरीरातील टी-पेशी (संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) जपून ठेवतात. ही आठवण त्वचेवर किंवा रक्तात ज्या मोजता येण्याजोग्या खुणांनी प्रकट होते, त्यांना प्रतिरक्षा-दर्शके म्हणतात. लहान मुले थुंकी काढू शकत नाहीत, आणि मिळाली तरी तिच्यात जंतू विरळ असतात. म्हणून या दर्शकांचे मोल बालकांत विशेष. मात्र संसर्ग आहे की प्रत्यक्ष रोग, हे रूढ चाचण्या सांगू शकत नाहीत.

रॉबर्ट कॉख यांनी 1890 मध्ये ट्युबरक्युलिन (क्षयजंतूंचा अर्क) जाहीर केले ते औषध म्हणून. त्वचा ओरखडून त्याने निदान करण्याची रीत क्लेमेन्स फोन पिर्के यांची (1907). त्वचेच्या थरात टोचण्याच्या पद्धतीला शार्ल माँटू यांचे नाव आहे. पण फेलिक्स मेंडेल यांनीही ती 1908 च्या सुमारास वर्णिली होती, आणि जर्मन लेखनात ‘मेंडेल-माँटू’ असे जोडनाव आढळते. कालक्रम पाहता मेंडेल यांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते.

0.1 मिलि ट्युबरक्युलिन द्रव टोचल्यावर 6 ते 10 मिमी फुगवटा उठला पाहिजे. तो न उठल्यास सुई खोल गेली असे समजावे. 48 ते 72 तासांनी केवळ कठीण भाग आडवा मोजतात, लाली नव्हे. होकारार्थी ठरण्याची मर्यादा सहसा 10 मिमी. एचआयव्हीबाधित मुलांत 5 मिमी. बीसीजी लसीमुळेही प्रतिक्रिया उमटते. लसीच्या जंतूत आरडी1 हा जनुकखंड नसतो, आणि इसॅट-6 व सीएफपी-10 ही प्रथिने त्यावरच येतात. म्हणून लसीचा परिणाम टाळण्यासाठी इग्रा रक्तचाचणीत हीच प्रथिने वापरून टी-पेशींनी सोडलेले इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन मोजतात.

नळ्यांच्या इग्रा पद्धतीत प्रत्येक नळीत 1 मिलि रक्त लागते. चार नळ्यांसाठी तान्ह्या मुलाची शीर सापडणे हीच पहिली अडचण. प्रथिने नळीच्या आतल्या भिंतीवर असतात, म्हणून नळी दहादा हलवावी. जोराने हलवल्यास तळाचा जेल फुटून निकाल बिघडतो. 37° से. तापमानाला 16 ते 24 तास ठेवतात. रिकाम्या नळीचे (जिच्यात रक्त असते, पण ही प्रथिने नसतात) मूल्य वजा करून 0.35 आंतरराष्ट्रीय एकके प्रतिमिलि किंवा अधिक आल्यास, आणि ती वाढ रिकाम्या नळीच्या मूल्याच्या किमान चतुर्थांश असल्यास, निकाल होकारार्थी. मायटोजेनच्या (टी-पेशींना सरसकट चेतवणाऱ्या द्रव्याच्या) नळीतही प्रतिसाद क्षीण असेल तर निकाल अनिर्णित धरतात. पाच वर्षांखालील, कुपोषित वा एचआयव्हीबाधित मुलांत असे अधिक घडते. नकारार्थी निकालावर विसंबून रुग्णाच्या सहवासातील तान्ह्या बाळाचे प्रतिबंधक उपचार थांबवू नयेत.

आयपी-10 हे केमोकाइन (पेशींना बोलावणारे संदेशवाहक प्रथिन) इंटरफेरॉन-गॅमापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात स्रवते व वाळलेल्या रक्तठिपक्यातूनही मोजता येते. क्षयजंतू ओळखणाऱ्या टी-पेशींवरील सीडी27 या पृष्ठभागी प्रथिनाची घट सक्रिय रोगाकडे निर्देश करते. ही दोन्ही दर्शके मुख्यतः संशोधनातच आहेत.