साखर गेल्यावर मधात काय उरतं?

मेळघाटातून आणलेला आग्या मोहोळाचा मध डब्यात तसाच पडून राहिला, की कधीकधी झाकण फुगतं. उघडलं की फस्स आवाज होतो, वर फेस दिसतो आणि आंबूस वास येतो. घरात लगेच निकाल लागतो, की विकणाऱ्यानं साखरेचा पाक मिसळला. बहुतेक वेळा तसं काही नसतं. मोहोळ उतरवणाऱ्याला विचारा, तो सांगेल, "पोळं पिकलं नव्हतं भाऊ, मधात पानी राह्यलं."

त्याचं बरोबर आहे. पिकलेल्या मधात पाणी साधारण १७-१८ टक्के असतं आणि बाकी जवळपास सगळी साखर. इतक्या दाट साखरेत यीस्ट (साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू बनवणारी सूक्ष्म बुरशी) पडलं तर त्याच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि ते मुकाट पडून राहतं. पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की दाट साखरेतही तग धरणारी काही यीस्टं कामाला लागतात. मधात २० टक्क्यांहून जास्त पाणी नको, हा अन्नसुरक्षेचा नियम त्यामुळेच अर्थपूर्ण आहे. मधमाशा एरवी पंखांनी वारा घालून हे पाणी उडवतात आणि मग मेणाची टोपी लावतात. टोपी लागण्याआधीच पोळं कापलं, की फेस ठरलेला.

हेच आंबणं मुद्दाम, मधात भरपूर पाणी घालून आणि आपल्या पसंतीचं यीस्ट सोडून केलं, की जे पेय तयार होतं त्याला मीड म्हणतात. नेहमीच्या मीडमध्ये अल्कोहोल वाइनइतकं, १२-१४ टक्के असतं. आपला विषय त्याचा हलका भाऊ, बिअरच्या आसपासचा, ५ टक्क्यांचा.

आधी कायद्याचं बोलू. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, मग ते ५ टक्क्यांचं का असेना. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांत लोक स्वतःपुरतं घरी बनवतात. तिथल्या पद्धतीमागचं विज्ञान इथे सांगतो आहे, मध मात्र आपल्याकडचा डोळ्यांसमोर ठेवून.

हिशेब सोपा आहे. लिटरभर पेयात १ टक्का अल्कोहोल यायला सुमारे १७ ग्रॅम साखर लागते. म्हणजे ५ टक्क्यांसाठी ८५ ग्रॅम. मधात साखर ८० टक्के धरली तर लिटरमागे मध लागतो १०५ ते ११० ग्रॅम. १३ टक्क्यांच्या मीडला हाच आकडा पावणेतीनशेच्या आसपास जातो. मध अडीचपट कमी, म्हणजे चवही अडीचपट पातळ. त्यात आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जाता जाता सुगंधही घेऊन जातो. सौम्य, फुलासारखा वास असलेला मध इथे हरतो. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बहरात मिळणारा मध मला फार आवडतो, पण तो पोळीबरोबर खावा. पाण्यात एवढा पातळ करून आंबवला तर त्याचं नाजूकपण शोधावं लागेल. हलक्या मीडला मध हवा तो गडद, जंगली, चमच्याने खाताना थोडा अंगावर येणारा.

पण तिखट स्वभावाच्या मधाची एक खोड आहे. मधातला कडवटपणा आणि तुरटपणा साखर झाकून ठेवते. यीस्ट साखर खाऊन टाकतं, कडू-तुरट पदार्थांना मात्र फारसं शिवत नाही. त्यामुळे बरणीत जे उरतं त्यात मधाचा वास असतो, गोडवा नसतो आणि कडवटपणा उघडा पडलेला असतो. कडुनिंबाच्या फुलोऱ्यातला मध खाताना गमतीदार लागतो, तोच एकटा आंबवला तर औषध वाटेल. म्हणून असा मध एकटा न वापरता सौम्य मधात मिसळणं शहाणपणाचं. किती, ते नाकानं ठरवण्यापेक्षा जिभेनं ठरवावं. आंबून झाल्यावर थोडा आंबटपणा जाणवला की कडवटपणा खपून जातो, त्यासाठी लिंबाचे चार थेंब चालतात.

गडद मधाचा दुसरा फायदा चवीपलीकडचा आहे. यीस्टला वाढायला नुसती साखर पुरत नाही, नायट्रोजन लागतो आणि मधात तो नगण्य असतो. द्राक्षाच्या रसात यीस्टची पंगत मांडलेली असते, मधाच्या पाण्यात नुसताच बुंदीचा लाडू. उपाशी यीस्ट रेंगाळतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतं, तो हायड्रोजन सल्फाइडचा. शिवाय मधाच्या पाण्याला आम्ल झेलण्याची ताकद नसते. आंबणं सुरू झालं की आम्लता भराभर वाढते आणि सामू (pH) ३ च्या आसपास गेला की यीस्ट थकतं. गडद मधात पोटॅशियमसारखी खनिजं सहसा जास्त असतात, त्यामुळे तिथे ही घसरण जरा सावरली जाते.

नायट्रोजनची उणीव भरायला मीड बनवणारे डायअमोनियम फॉस्फेट वापरतात. हो, तेच ते, कपाशी-सोयाबीनला आपण टाकतो ते डीएपी. रेणू एकच, पण कृषी केंद्रातल्या १८:४६ च्या पोत्याला यासाठी हात लावायचा नाही. त्यात जड धातूंसारख्या अशुद्धी असू शकतात, खाद्य दर्जाचं डीएपी वेगळं मिळतं. बेकरीचं थोडं यीस्ट पाण्यात उकळून मारून घातलं, तरी जिवंत यीस्टला ते अन्न म्हणून चालतं. जुन्या कृतींत मूठभर मनुका घालायला सांगतात. त्यातून मिळणारा नायट्रोजन जवळपास शून्य, पण मनुका घालणाऱ्यांची श्रद्धा काही हलत नाही.

पाण्याचंही पाहावं लागतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन उकळून घालवावं, नाहीतर औषधी वास येतो. विहिरीच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट आम्लता सावरायला मदत करतात. पण अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी घेऊ नये, तो खारेपणा शेवटपर्यंत जिभेवर राहतो. मध स्वतः उकळायची गरज नाही, उकळला तर आपण ज्यासाठी जंगली मध घेतला तो वासच वाफेबरोबर जातो. भांडं काचेचं. तांब्या-पितळेचं किंवा लोखंडाचं नको, आम्ल धातू खातं.

खरा शत्रू विदर्भाचा उन्हाळा. यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. पारा ४५ ला टेकलेल्या मे महिन्यात बरणी घरात ठेवली तर यीस्ट घाईघाईत उग्र वासाची जड अल्कोहोलं बनवतं आणि सगळा सुगंध वाया जातो. ओलं पोतं गुंडाळून काही अंश उतरतात, कारण आपली हवा कोरडी असते. पण हे काम डिसेंबर-जानेवारीचंच. थंडीत ५ टक्क्यांचं मीड साधारण दोन आठवड्यांत आंबून होतं, गाळ खाली बसायला अजून काही आठवडे. बरणीचं तोंड पूर्ण बंद करायचं नाही, बुचातून एक नळी काढून तिचं दुसरं टोक पाण्यात सोडायचं, म्हणजे वायू बाहेर जातो आणि हवा आत येत नाही. साखर शिल्लक असताना बाटली बंद केली तर काच फुटून इजा होऊ शकते.

घरी आंबवलं म्हणजे विषारी दारू होईल, ही भीती मात्र चुकीच्या ठिकाणी लागलेली आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत शंभराहून अधिक लोक गेले ते मिथेनॉलमुळे. असं मिथेनॉल औद्योगिक रसायन म्हणून दारूत मिसळलं जातं. आंबताना ते तयार होतं मुख्यतः फळांतल्या पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थापासून, आणि मधात पेक्टिन जवळजवळ नसतंच.

आंबवलेला मध आपल्याला नवा नाही. घराच्या फडताळात मध घालून आंबवलेल्या दशमूलारिष्टाची बाटली असेल तर तिच्यावरचं लेबल वाचा, आंबताना आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचा उल्लेख सापडेल. आसव-अरिष्टं, म्हणजे अशी आंबवलेली आयुर्वेदिक औषधं, बनवायला वैद्य धायटीची फुलं घालत आले आहेत, कारण त्या फुलांवर रानटी यीस्ट असतं आणि मकरंदही. ही धायटी मेळघाटात उतारांवर लाल फुलांनी भरलेली दिसते.

१२ टक्क्यांचं मीड वर्षभर ठेवलं तर मुरतं, ५ टक्क्यांचं तसं टिकत नाही. एवढ्याशा अल्कोहोलला ॲसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू जुमानत नाहीत. बरणीत हवा राहिली की ते वर पापुद्रा धरतात आणि अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. काही आठवड्यांत हाती येतो ४ टक्क्यांच्या आसपास आम्ल असलेला मधाचा सिरका. गडद मधाचा असेल तर तो लोणच्यात, कांद्यावर छान लागतो, आणि तिथे तो कडवटपणाही खटकत नाही.