पस्तावा आणि पश्चात्ताप: मूळ एक, वाटा दोन

‘पस्तावा’ म्हणजे ‘पश्चात्ताप’च, बोलण्यात झिजून गुळगुळीत झालेला. दोन्हींचा अर्थ मागाहून होणारा ताप. त्यामुळे मराठी बायबलमध्ये ‘पश्चात्ताप करा’ असं वाचलं की आपण ‘वाईट वाटून घ्या’ असं समजतो, आणि इथेच घोटाळा होतो. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणं. जुन्या करारातला इब्री (हिब्रू) ‘शूव’ तर त्याहून साधा: मागे फिरणं, परतणं. ताप होतो तो मनात. परतायचं तर पाय उचलावे लागतात.

यहूदा इस्कर्योत आणि पेत्र या येशूच्या दोन शिष्यांना शेजारी उभं केलं की फरक दिसतो. यहूदाने येशूला धरून दिलं, पेत्राने त्याच रात्री ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणत त्याला तीनदा नाकारलं. यहूदाला कमी वाईट वाटलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्याने ‘मी पाप केलं’ असं कबूल केलं, चांदीची 30 नाणीही परत नेली. पण नेली कोणाकडे? ज्यांनी ती दिली होती त्या मुख्य याजकांकडे. त्यांनी ‘आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ’ म्हणून हात झटकले आणि तो एकटाच जाऊन मेला. पेत्रही ढसाढसा रडला. मात्र पुढे मरणातून उठलेला येशू सरोवराच्या काठी उभा आहे हे कळताच त्याने पाण्यात उडी घेतली आणि ज्याला नाकारलं त्याच्याकडेच गेला.

येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तयाने यहूदासाठी ‘मेटानोइया’चं क्रियापद वापरलेलं नाही, पस्तावण्याचं दुसरंच वापरलं आहे. तरी नुसत्या शब्दावर फार भार टाकू नये. येशूच्या एका दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, ‘मी जाणार नाही’ म्हणून नंतर द्राक्षमळ्यात कामाला गेलेल्या मुलासाठीही मत्तयाने तेच क्रियापद वापरलं आहे. तो मुलगाही पस्तावलाच, पण त्याचे पाय मळ्याकडे वळले.

देवाच्या न्यायाबद्दलची शिकवण इथेच येऊन मिळते. न्यायाचं नाव काढलं की पुष्कळांना फक्त धमकी ऐकू येते. योना या संदेष्ट्याने निनवे शहरात सांगितलं, 40 दिवसांनी हे शहर उलथून पडेल. त्यात ‘जर’ नव्हता, ‘तर’ नव्हता. लोक गोणपाट नेसले, उपाशी राहिले. पण पुढचं वाक्य हळू वाचावं: ते वाईट मार्गावरून फिरले, ही त्यांची कृती देवाने पाहिली. क्रियापद ‘शूव’च. शहर वाचलं. न्यायाची घोषणाच परतायला वेळ देत होती.

बाप्तिस्मा करणारा योहानही ‘आम्ही काय करावं?’ असं विचारणाऱ्यांना रडायला सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक द्या, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी कोणाला लुबाडू नये, असं तो सांगतो.

आणि दुसऱ्यावर कोसळलेलं संकट म्हणजे त्याचा न्याय झाला, हा हिशेब येशूने नाकारला. शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले, ते काही यरुशलेमेतले सर्वांत मोठे अपराधी नव्हते. पण पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल, असं तो ऐकणाऱ्यांनाच म्हणाला. लगेच त्याने तीन वर्षं फळ न दिलेल्या अंजिराचा दाखला सांगितला. मालक म्हणतो, तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. पुढे फळ आलं की नाही, ते हा दाखला लिहून ठेवणारा लूक सांगत नाही.