इग्नोरंट

'माहिती नसलेला' या अर्थाचे इंग्रजी विशेषण. 'न शिकलेला' आणि बोलण्यात 'वागायची रीत नसलेला' या छटा त्याला आहेतच, पण मुख्य अर्थ एखाद्या ठरावीक गोष्टीची माहिती नसणे एवढाच. मराठीत त्यासाठी सर्रास 'अडाणी' लिहितात आणि तिथेच अर्थ बिघडतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेत निष्णात असलेल्या डॉक्टरला शाळू कधी पेरतात हे ठाऊक नसेल, तर त्या बाबतीत तो इग्नोरंट. अडाणी त्याला कोण म्हणेल?

हा शब्द चौदाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मूळ लॅटिन क्रियापद 'इग्नोरारे', म्हणजे न जाणणे. त्यातला सुरुवातीचा भाग नकाराचा आणि पुढचा 'ग्नो' जाणण्याचा. हा 'ग्नो' म्हणजे आपल्या 'ज्ञा' धातूचा सख्खा भाऊ, आणि तो नकारही संस्कृत 'अ'च्याच घरातला. त्यामुळे 'अज्ञ' आणि 'इग्नोरंट' यांची बांधणी सांध्याला सांधा जुळावा अशी आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात मांडले, ते अशाच साम्यांवरून. थॉमस हक्सली यांनी 1869 मध्ये घडवलेला 'ॲग्नॉस्टिक' (अज्ञेयवादी) हा शब्दही याच धातूच्या ग्रीक रूपावरून आला.

या धातूतले जोडाक्षर प्रत्येक भाषेने आपापल्या परीने सोसले. इंग्रजी 'नो' (जाणणे) लिहिताना सुरुवातीला 'के' येतो, पण उच्चारात तो कधीच गळाला. लॅटिनमध्येही शब्दारंभीचा 'ग' गेला. 'इग्नोरारे'त मात्र तो मध्ये असल्याने वाचला. 'ज्ञान' मराठी माणूस 'द्न्यान' म्हणतो, हिंदी भाषक 'ग्यान'.

मराठीत या विशेषणाला सर्वांत जवळचा शब्द 'नेणता'. 'न' आणि 'जाणणे' एकत्र येऊन 'नेणणे' झाले. ज्ञानेश्वरीत 'नेणे' ठायी ठायी भेटते. त्यात हिणवणे नाही, फक्त न कळणे आहे. 'जाणते-नेणते' या जोडीत तो अजून टिकून आहे, पण वापरातून मागे पडला, हे आपले नुकसान.

'इग्नोरामस' (मूर्ख माणूस) हे याच कुळातले. लॅटिनमध्ये ते नाम नाही, 'आम्हाला ठाऊक नाही' असे अख्खे वाक्य आहे. पुरावा अपुरा वाटला की इंग्लंडमधले ज्यूरी आरोपपत्राच्या पाठीवर हा शेरा मारत. 1615 मध्ये केंब्रिजला राजा पहिला जेम्स याच्यापुढे या नावाचे नाटक झाले. त्यातला वकील इग्नोरामस गाजला आणि शेऱ्याची शिवी झाली.

'इग्नोर' हे क्रियापद तर अर्थाने उलटेच फिरले. आधी त्याचा अर्थ 'माहीत नसणे' होता, 'दुर्लक्ष करणे' हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. 'मेसेज बघितला, तरी इग्नोर मारला' असे आपण म्हणतो, तेव्हा समोरच्याला सगळे माहीत असते. फ्रेंचमध्ये मात्र त्याच क्रियापदाचा 'मला माहीत नाही' हा जुना अर्थ अजून रोजच्या बोलण्यात आहे.