भट्टी झिजते तेव्हा काय होते

नेहमी नऊ तासांत आटोपणारी ग्लेझची (मातीच्या भांड्यांवरच्या काचेसारख्या थराची) भाजणी एकदा साडेनऊ तास घेते. पुढे कधीतरी दहा. भांडी नीट निघतात, म्हणून कोणी त्याकडे बघत नाही. मग एके दिवशी भट्टी ११८० अंशांच्या आसपास येऊन अडते आणि वर चढायचे नावच घेत नाही. हे दुखणे त्या दिवसाचे नसते. प्रत्येक भाजणीत विजेची भट्टी थोडी थोडी झिजत आलेली असते, आणि ती झीज मोजता येते.

झिजतात त्या मुख्यतः कॉइल, म्हणजे भट्टी तापवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या. बहुतेक भट्ट्यांमधली तार लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची असते. स्वीडनमध्ये १९३१ साली सुरू झालेल्या कंपनीच्या नावावरून अनेक जण तिला सरसकट ‘कांथाल’ म्हणतात. हजार अंशांच्या वर उघड्या हवेत ही तार टिकते, कारण तापल्यावर तिच्यातले ॲल्युमिनियम पृष्ठभागावर येऊन ऑक्सिजनशी संयोग पावते आणि ॲल्युमिनाचा पातळ, घट्ट थर तयार होतो. तारेचे खरे कवच हेच. म्हणून नव्या कॉइल बसवल्यावर पहिली भाजणी भांड्यांविना, भरपूर हवा खेळती ठेवून करतात. हा थर आधी नीट जमू द्यायला हवा.

तापताना आणि थंड होताना तार ताणली-आकसली जाते, थराला भेगा पडतात, तो पुन्हा जमतो. दर वेळी आतले थोडे ॲल्युमिनियम खर्च होते. तार आतून बारीक होत जाते आणि तिचा रोध वाढतो. व्होल्टेज तेच राहिले, तर रोध १० टक्के वाढल्यावर भट्टीची शक्ती सुमारे ९ टक्के घटते. सहाशे अंशांवर हा फरक जाणवतही नाही, कारण तिथे भट्टीकडे शक्ती शिल्लक असते. बाराशे अंशांजवळ मात्र विटांमधून, झाकणातून आणि फटींतून निसटणारी उष्णता इतकी वाढते, की जवळजवळ सगळी शक्ती ती भरून काढण्यातच जाते. चढायला उरते ती थोडीशी, आणि नेमका तोच वाटा कमी झालेला असतो. विजेचा दाब कमी असेल तर आणखी पंचाईत: व्होल्टेज १० टक्के पडले की शक्ती १९ टक्के पडते. कॉइल दोषी ठरवण्याआधी व्होल्टेज तपासावे.

नवी कॉइल बसवली त्याच दिवशी, मुख्य स्विच बंद करून, थंड अवस्थेत प्रत्येक कॉइलचा रोध मल्टिमीटरने मोजावा आणि झाकणाच्या आत लिहून ठेवावा. पुढे दर काही महिन्यांनी तीच मोजणी. रोध १० टक्क्यांच्या पुढे गेला की बदलायची वेळ आली असे समजावे. एकच कॉइल बदलली, तर भट्टीचा तो मजला इतरांपेक्षा जास्त तापू शकतो. त्यामुळे सगळ्या एकदम बदललेल्या बऱ्या, असे माझे मत आहे. आणखी एक: एकदा भाजून निघालेली तार थंडपणी ठिसूळ असते. खाचेतून बाहेर आलेली कॉइल तशीच वाकवायला गेले तर तुटते.

आता यातला सर्वांत चकवणारा भाग. हळू चढणारी भट्टी भांडी कच्ची ठेवेल, असे कोणालाही वाटेल. अनेकदा उलटे घडते. माती आणि ग्लेझ फक्त तापमान पाहत नाहीत. कणांचे वितळणे, एकमेकांत विरघळणे या क्रियांना वेळ लागतो. वेळ जास्त मिळाला तर त्या कमी तापमानालाही पूर्ण होतात. हे कोन दाखवतो: भांड्यांसोबत भट्टीत ठेवायचा, पुरेशी आच मिळाली की वाकणारा मातीचा छोटा सुळका. कोन बनवणाऱ्या ऑर्टनच्या तक्त्यात ६ क्रमांकाचा स्वतः उभा राहणारा कोन शेवटच्या टप्प्यात ताशी १५० अंशांनी तापवला तर १२४३ अंशांना वाकतो, ताशी ६० अंशांनी तापवला तर १२२२ ला, आणि ताशी १५ अंशांनी रखडत नेला तर ११८५ लाच. म्हणजे ११८० च्या घरात तासन्‌तास अडलेल्या भट्टीत माल पूर्ण भाजून झालेला असू शकतो. तिला कसेबसे १२२२ पर्यंत रेटले, तर ग्लेझ पायापर्यंत ओघळते.

हे मोजायची धडपड जुनी आहे. इंग्लंडमधले भांडी बनवणारे जोसाया वेजवुड यांनी १७८२ मध्ये मातीच्या छोट्या तुकड्यांच्या आकसण्यावरून भट्टीची आच मोजायची पद्धत मांडली. पुढच्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांच्या मापाचे अंशांत रूपांतर फारच चढे निघाले, पण मातीलाच साक्षीला उभे करायची कल्पना अस्सल होती. हेर्मान सेगर यांनी १८८६ मध्ये बर्लिनमध्ये ती कोनांच्या रूपात पक्की केली आणि १८९६ पासून एडवर्ड ऑर्टन यांनी अमेरिकेत कोन बनवायला सुरुवात केली. डिजिटल कंट्रोलर आले तरी प्रत्येक भाजणीत वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीवर एकेक कोन ठेवावाच, याबद्दल मी आग्रही आहे.

कारण कंट्रोलरला दिसते ते थर्मोकपलच्या, म्हणजे भट्टीत शिरवलेल्या तापमापकाच्या, टोकाचे तापमान. सर्रास वापरला जाणारा के-प्रकारचा थर्मोकपल म्हणजे निकेलच्या दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या जोडलेल्या तारा. एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट इतकाच त्यांचा संकेत. १२२० अंश हे या तारांच्या मर्यादेच्या अगदी जवळ असल्याने त्या ऑक्सिडाइझ होतात आणि वाचन हळूहळू सरकत जाते. ते खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागले की कंट्रोलर प्रामाणिकपणे भट्टी जास्त तापवतो. टोक काळे पडून पापुद्रे सुटत असतील तर थर्मोकपल बदलावा. वरचेवर उच्च तापमानाला भाजणाऱ्यांनी प्लॅटिनम-ऱ्होडियमचा एस-प्रकार घ्यावा. महाग असतो, पण खूप स्थिर.

कॉइलचे कवच बाहेरूनही मरते. ग्लेझचा उडालेला तुकडा तापत्या कॉइलवर पडला तर वितळून ॲल्युमिनाचा थर विरघळवतो आणि त्या जागी तार जळते. म्हणून भट्टी भरण्याआधी वीज तोडून खाचा मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने साफ कराव्यात. विटा हलक्या आणि भुसभुशीत असतात, त्यामुळे हात हलका ठेवावा. कच्च्या भांड्यांच्या पहिल्या भाजणीत मातीतले सेंद्रिय द्रव्य आणि गंधक जळून कार्बन मोनॉक्साइड व सल्फर डायऑक्साइड सुटतात. ते माणसाला घातक आणि कॉइललाही मारक. सातशे अंशांपर्यंत वरचे भोक उघडे ठेवावे, खोलीत एक्झॉस्ट चालू असावा. त्याच टप्प्यात, ४५० ते ६०० अंशांदरम्यान, चिनी मातीच्या स्फटिकांत बांधलेले पाणी बाहेर पडते. शुद्ध केओलिनमध्ये, म्हणजे चिनी मातीत, ते वजनाच्या सुमारे १४ टक्के असते. तिथे घाई करू नये. शंभर अंशांखाली तर मुळीच नाही, कारण ओल्या जाड तळात वाफ कोंडली की भांडे फुटते आणि त्याचे तुकडे कॉइलच्या खाचांत जातात.

फळ्यांची काळजी ग्लेझच्या बादलीपासून सुरू होते. शंभर मिलिलिटर ग्लेझ वजन करून पाहा. १४५ ग्रॅम भरले तर घनता १.४५. मिश्रण जमले तेव्हाची घनता लिहून ठेवली, की पुढच्या खेपेला ते दाट झाल्याचे बुडवण्याआधीच कळते, आणि फळीवर ओघळणारे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. फळीला लावायचा लेप निम्मा ॲल्युमिना हायड्रेट आणि निम्मे केओलिन असा केला की चिकटत नाही. तो वरच्या बाजूलाच लावावा; खालून लावला तर पापुद्रे खालच्या भांड्यांवर गळतात. चिकटलेले ग्लेझ छिन्नीने काढताना चष्मा हवाच, ते काचेचे कपचे असतात. लेप आणि वाळलेल्या मातीची पूड केरसुणीने झाडू नये. त्यातली सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. ओल्या फडक्याने पुसावे.

थंड होताना भट्टीचे झाकण लवकर उघडायचा मोह आवरावा. भाजलेल्या मातीत सिलिकाचे दोन प्रकारचे स्फटिक असू शकतात: क्वार्ट्झचा स्फटिक ५७३ अंशांना आणि क्रिस्टोबलाइटचा साधारण २२६ अंशांना एकाएकी आकसतो. भांड्याची एक बाजू आधी निवली तर तिथूनच तडा जातो. फळ्याही अशाच तडकतात.

शेवटी रिले. कॉइलची वीज चालू-बंद करणारा यांत्रिक रिले हजारो वेळा टिकटिक करून झिजतो, आणि त्याचे संपर्क चिकटून बसले तर कंट्रोलरने बंद म्हटले तरी वीज वाहत राहते. कंट्रोलरच्या पेटीतल्या तारांची टोके तपकिरी झालेली दिसली, तर जोड सैल आहे. वीज तोडून ते आवळावेत, करपलेली तार बदलावी. भाजणीच्या शेवटच्या तासात माणूस भट्टीजवळ असावा, आणि भट्टी खरोखर उतरू लागली हे डोळ्यांनी पाहूनच त्याने तिथून हलावे.