प्रार्थना (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती श्रद्धेनुसार प्रार्थना म्हणजे पित्याशी बोलावे तसे देवाशी बोलणे, आणि तितकेच त्याचे ऐकणे. स्तुती, उपकारस्तुती, पापकबुली, विनवणी आणि इतरांसाठी केलेली मध्यस्थी ही तिची रूपे सांगतात. ही विभागणी शिकवण्याच्या सोयीची. एकाच श्वासात माणूस आभार मानतो, चूक कबूल करतो आणि मागतोही. प्रार्थना सहसा पित्याला उद्देशून, येशू ख्रिस्ताच्या नावाने, पवित्र आत्म्याच्या साहाय्याने करतात आणि तिचा शेवट ‘आमेन’ या मूळ हिब्रू शब्दाने होतो.

या परंपरेची मुळे यहुदी उपासनेत आहेत. स्तोत्रसंहिता या बायबलमधील पुस्तकातील 150 स्तोत्रे ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाने, आपले पहिले प्रार्थनापुस्तक म्हणून जशीच्या तशी स्वीकारली. येशूने शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या आणि लूकच्या अकराव्या अध्यायात येते. लूकमधील पाठ अधिक आखूड आहे. सुमारे इ. स. 200 मध्ये लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने तिला संपूर्ण शुभवर्तमानाचे सार म्हटले. पुढे तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तिच्यातील अनेकवचनाकडे लक्ष वेधले: भाकर मागायची ती ‘आम्हांला’, क्षमा मागायची तीही ‘आम्हांला’. दार लावून एकट्याने म्हटली तरी ही प्रार्थना मंडळीचीच राहते. वैयक्तिक भक्ती आणि सामुदायिक उपासना यांत ख्रिस्ती धर्माने पक्की भिंत का घातली नाही, याचे उत्तर या एका सर्वनामात बरेचसे सापडते.

मंडळीच्या सेवाकार्यात प्रार्थनेचे स्थान कोणते, हा प्रश्न सर्वप्रथम अन्नवाटपाच्या तक्रारीतून पुढे आला. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीकभाषक विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर सुरू झाली. तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, त्या कामासाठी सात जण निवडायला सांगितले आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा यांना वाहून घेतले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6). या प्रसंगाचा अर्थ पुष्कळदा ‘वाढपाचे काम हलके, प्रार्थना थोर’ असा लावला जातो. तो बरोबर नाही. मूळ ग्रीक मजकुरात वाटपासाठी आणि वचनाच्या सेवेसाठी ‘दियाकोनिया’ हा एकच शब्द आहे, आणि त्या सातांनाही नेमताना प्रार्थना करूनच त्यांच्यावर हात ठेवले गेले. येथे प्रार्थना ही कामाआधीची औपचारिकता नसून, जिच्यासाठी माणसे मोकळी ठेवावीत अशी जबाबदारी ठरते. अंत्युखिया या शहरातही मंडळी उपासना आणि उपवास करत असतानाच बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना सुवार्ताकार्यासाठी वेगळे केले गेले (अध्याय 13).

त्याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एक गमतीशीर प्रसंग आहे. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात असताना मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करत असते. तो सुटून दाराशी येतो, तर रुदा नावाच्या दासीने दिलेली बातमी कोणीच खरी मानत नाही.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. त्यात शास्त्रवाचन आणि बोधानंतर सगळे उभे राहून एकत्र प्रार्थना करतात. मग अध्यक्ष आपल्या शक्तीनुसार प्रार्थना व उपकारस्तुती करतो आणि लोक ‘आमेन’ म्हणतात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या नियमावलीने मठातील दिवस प्रार्थनेच्या तासांभोवती बांधला व आठवड्यात सर्व 150 स्तोत्रे पूर्ण करण्याचा दंडक घातला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही लहानशी प्रार्थना श्वासाच्या लयीत पुन्हा पुन्हा म्हणण्याची साधना रुजली. ‘निरंतर प्रार्थना करा’ ही पौलाची आज्ञा शब्दशः पाळता येईल का, याचा तो एक प्रयत्न होता.

सोळाव्या शतकात, प्रोटेस्टंट पंथांना जन्म देणाऱ्या धर्मसुधारणेच्या काळात भर आला तो सामान्य माणसाच्या स्वतःच्या भाषेतील प्रार्थनेवर. मार्टिन ल्यूथरने 1535 मध्ये प्रार्थना कशी करावी हे सांगणारी पुस्तिका लिहिली, ती आपल्या न्हाव्यासाठी. इंग्लंडमध्ये 1549 साली आर्चबिशप टॉमस क्रॅन्मरच्या पुढाकाराने इंग्रजी प्रार्थनापुस्तक आले. जर्मनीतील हेर्नहूट येथे मोरेव्हियन या प्रोटेस्टंट मंडळीने 1727 मध्ये पाळीपाळीने चोवीस तास चालणारी मध्यस्थी सुरू केली आणि ती शंभराहून अधिक वर्षे टिकली. याच मंडळीने 1732 मध्ये कॅरिबियनमधील सेंट टॉमस बेटावर आपले पहिले मिशनरी पाठवले.

पाळकाच्या, म्हणजे मंडळीची देखभाल करणाऱ्या धर्मसेवकाच्या, आजच्या सेवेतही प्रार्थना सर्वत्र आहे: आजाऱ्याच्या उशाशी, दीक्षाविधीत, प्रभुभोजनाच्या मेजाशी, दफनभूमीत. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. पाळकाला लोकांची खरी दुःखे बहुधा या भेटींतूनच कळतात. व्यासपीठावरून ती दिसत नाहीत.

सर्वांत अवघड प्रश्न न मिळालेल्या उत्तरांचा. अटकेआधी गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला दूर व्हावा म्हणून येशूने केलेली विनवणी मान्य झाली नाही. शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवले, तोही निघाला नाही. ज्या धर्माच्या मूळ ग्रंथातच असे नकार नोंदलेले आहेत, त्याला प्रार्थना म्हणजे हमखास फळ देणारा उपाय असे शिकवता येत नाही, जरी तसे शिकवणारे अधूनमधून निघतातच. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस या धर्मतत्त्ववेत्त्याने मांडले की, आपण देवाचा बेत बदलण्यासाठी प्रार्थना करत नाही. जे प्रार्थनेद्वारेच द्यायचे त्याने योजले आहे, ते मिळावे म्हणून करतो. पौल रोमकरांना लिहितो की, काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कॅथलिक उपासनेत शुभ शुक्रवारी दहा मध्यस्थी प्रार्थना होतात. प्रत्येक वेळी आधी हेतू सांगतात, मग सगळे काही वेळ गप्प राहतात, आणि त्यानंतरच धर्मगुरू प्रार्थनेचे शब्द उच्चारतो.